मिठागरातलं तांबूस पाणी आणि माझा शेरा

जव्हारच्या एका कॉलेजात मी सूक्ष्मजीवशास्त्र शिकवत होतो. निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली. एका विद्यार्थिनीचं माझ्या हातून जे नुकसान झालं, ते मी गेल्या महिन्यापर्यंत कुणालाही सांगितलेलं नव्हतं.

ती मोखाड्याकडच्या एका पाड्यातली. भातकापणी आटोपली की तिचा बाप दरवर्षी खाली किनाऱ्यावर मिठागरात कामाला जाई. आगरातलं पाणी तांबूस झालं की मीठ बसायची वेळ आली, हे तिथल्या कामगारांना ठाऊक असतं. पाणी तांबूस कशानं होतं, हे तिनं शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पासाठी शोधायचं ठरवलं. बापानं बाटलीभर पाणी आणून दिलं.

तो रंग आर्किया नावाच्या सूक्ष्मजीवांचा. दिसायला जिवाणूंसारखे, पण कूळ वेगळं. लोणच्यात मीठ घालतो ते जंतू वाढू नयेत म्हणून. हे मात्र त्याहून कितीतरी खारट पाण्यातच वाढतात, तेही सावकाश. लाल रंग त्यांना उन्हापासून वाचवतो. बाहेरच्या मिठाला तोलतील एवढे क्षार ते आत भरून घेतात. त्यामुळे बाहेरचं मीठ उतरलं की पाणी आत शिरतं, ते फुगतात, आणि साध्या पाण्यात फुटून जातात.

हे मी आज सहज लिहितो आहे. तेव्हा मला नीट माहीत नव्हतं. तिला होतं. कमीजास्त मीठ घातलेल्या बाटल्या तिनं महिनाभर प्रयोगशाळेच्या खिडकीत सांभाळल्या होत्या. कुठल्या बाटलीत वाढ झाली, कुठल्या बाटलीत थांबली, सगळं वहीत मांडलं होतं.

परीक्षेला बाहेरचे परीक्षक आले. काचपट्टी करायला मीच घेतली आणि नेहमीच्या सवयीनं तिचा थेंब साध्या पाण्यात कालवला.

"सर, साधं पाणी नको. फुटतात ते," ती हळूच म्हणाली.

"वीस वर्षं काचपट्ट्या करतोय मी. आता तू शिकव मला."

मुलं हसली. सूक्ष्मदर्शकाखाली काहीच दिसलं नाही. परीक्षक म्हणाले, "पाणी मात्र झकास रंगवलंयस. जिलेबीचा रंग का गं?" पुन्हा हशा. 'नमुना बनावट' असा शेरा मी माझ्या हातानं लिहिला, खाली सही केली.

सगळे गेल्यावर राहवेना, म्हणून बाटलीतला थेंब पाणी न घालता तसाच पाहिला. काड्यांसारखे असंख्य जीव हलत होते. परीक्षक अजून ऑफिसात चहा घेत होते. मध्ये फक्त एक व्हरांडा होता. मी गेलो नाही. सगळ्या बाटल्या बेसिनमध्ये ओतल्या आणि वर नळ सोडला. प्रकल्पात ती नापास झाली. पुन्हा परीक्षेला बसली नाही.

गेल्या महिन्यात तिच्या पाड्यावर गेलो. शेरा रद्द करावा अशा कॉलेजला दिलेल्या अर्जाची प्रत सोबत होती. ती आता अंगणवाडीत काम करते. ओट्यावर बसून तिला सगळं सांगितलं.

"त्याच दिवशी बघितलंत तुम्ही?"

"हो."

"आणि मी समजत होते, सर चुकणार नाहीत, माझंच मीठ मोजायला चुकलं. किती वेळा मनात वजन केलं असेल मी."

मी माफी मागू लागलो. तिनं मध्येच थांबवलं. "माझं राहू द्या, सर. आधी बाबांना सांगा. त्यांना वाटतं, त्यांनीच चुकीच्या जागचं पाणी आणलं."

परसात कुडाला काठ्या बांधत असलेल्या म्हाताऱ्याला तिनं हाक मारली. मी उभं राहून पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. त्यानं हातातली काठी खाली ठेवली.

"म्हणजे पाणी बरोबर होतं?"

"बरोबर होतं."

"दुसऱ्या साली परत आणलेलं मी, बाटलीभर," तो म्हणाला. "ही बोलली, आता कशाला?"