खोटं पकडायचं मशीन आणि सफरचंदाचा केक

चहा घेणार ना? घ्यायचा असेल तर पहिल्याच वेळी हो म्हणा हं, मी दुसऱ्यांदा विचारत नाही. का, ते सांगते. माझी जी शोभा झालीय ना, ती ऐकलीत तर तुम्हीही पुन्हा कुठे आढेवेढे घेणार नाही.

दोन हजार पाच-सहाची गोष्ट असेल. मी जर्मनीत ब्राउनश्वाइगला मेकॅनिकलमध्ये पीएचडी करत होते. माझी शेजारीण काट्रिन मानसशास्त्रात. तिचा विषय काय, तर खोटं पकडायचं मशीन! गुप्तहेर खात्यात नोकरी मागायला आलेल्यांची करतात तशी चाचणी ती आमच्यासारख्या विद्यार्थ्यांवर करायची. काही जणांना आधी गुपचूप एक किल्ली चोरायला लावायची, काहींना नाही. चोर कोण, ते मशीनने सांगायचं.

"तू काही चोरायचं नाहीस, फक्त खरं बोलायचंस," काट्रिन म्हणाली. "आज माझे प्रोफेसर बघायला येणारेत. मशीन चुकलं तर सगळे प्रयोग पहिल्यापासून, वैदेही."

खरं बोलायचं, त्यात काय अवघड?

उठायला उशीर झाला म्हणून मी उपाशीच धावत गेले. छातीला पट्टे, बोटांना वायरी, अशी माझी बांधाबांध झाली आणि प्रोफेसर आले. त्यांचा वाढदिवस होता, आणि तिकडे ज्याचा वाढदिवस त्यानेच केक आणायचा. घरी केलेला सफरचंदाचा केक, वर दालचिनी. वास सगळ्या खोलीभर.

"घेणार एक तुकडा?"

"नको नको, आत्ताच खाऊन आले."

आता तुम्हीच सांगा, पहिल्याच वेळी हो म्हणतं का कोणी? समोरच्याने 'असं कसं, थोडा तरी घ्या' म्हणायचं, मग आपण 'बरं, अगदी एवढासा' म्हणायचं.

"आल्झो, गुट," म्हणजे 'बरं मग', असं म्हणून प्रोफेसर माझ्यासमोरच खायला बसले.

"तुझं नाव वैदेही?" काट्रिनने विचारलं.

"हो." मशीनवरची रेघ सरळ.

"तू किल्ली चोरलीस?"

नेमका तेव्हाच प्रोफेसरांनी दुसरा तुकडा उचलला. "नाही," मी म्हणाले, आणि रेघ थेट वर.

"काही लपवते आहेस?"

"नाही." रेघ वेडीवाकडी.

"या खोलीतल्या कशावर तुझा डोळा आहे?"

ताटलीत एकच तुकडा उरला होता. "ना... नाही."

"चोर हीच," प्रोफेसर म्हणाले.

काट्रिनचा चेहरा पडला. मी चोर नाही हे तिला ठाऊक होतं. म्हणजे मशीन चुकलं. तिची एवढी मेहनत माझ्या भुकेपायी पाण्यात जाणार, या विचाराने मला रडूच यायला लागलं. शेवटी लाज सोडली.

"प्रोफेसर, किल्ली नाही हो, मला केक हवाय. सकाळपासून उपाशी आहे. तुम्ही पुन्हा विचाराल म्हणून थांबले होते."

प्रोफेसर डोळ्यांत पाणी येईस्तोवर हसले. "म्हणजे मशीनने बरोबरच पकडलं की! काट्रिन, काम चोख आहे तुझं." काट्रिनचा जीव भांड्यात पडला.

मग त्यांनी स्वतः उठून तो शेवटचा तुकडा माझ्यापुढे धरला. "घ्या."

आणि माझ्या तोंडून काय निघावं? "अहो नको, तुम्हीच घ्या ना."

वायरी अजून बोटांनाच होत्या. रेघ पुन्हा वर गेली, काट्रिनने कपाळाला हात लावला.

"आल्झो, गुट," प्रोफेसर म्हणाले. सकाळभर मशीनचंच ऐकणाऱ्या त्या माणसाने नेमका तेव्हाच माझ्या शब्दावर विश्वास ठेवला, आणि तुकडा खाऊन टाकला.