रेडिएटरचं झाकण

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. बायकोला नाही, भावाला नाही. देवापुढे उभा राहिलो तेव्हाही मनातल्या मनात दुसरंच काहीतरी बोललो. आज सांगतो आहे तेही धीर आला म्हणून नाही — ज्याच्यापासून लपवत आलो तो माणूसच आता उरला नाही, म्हणून.

मी मोटर चालवत असे. शहापूर ते मुरबाड, किन्हवलीवरून. तेव्हा त्या रस्त्याला एकच प्रवासी मोटर होती आणि तिचा ड्रायव्हर मी. तुम्हाला आज यात काय विशेष वाटणार? पण त्या दिवसांत ड्रायव्हर म्हणजे कोण होता हे विचारू नका. बाजाराच्या दिवशी पाटील मला हाक मारून पान देत. मोटारीचे मालक भगवानशेठ चार लोकांत म्हणत, "नारूच्या हातात लोखंडसुद्धा म्हातारं होत नाय."

या एका वाक्यानं माझं डोकं फिरवलं. हो, तिथूनच सुरुवात करायला हवी.

मोटारीचं इंजिन थंड ठेवायला पाणी लागतं. पुढे रेडिएटर, त्यात पाणी. रबरी नळ्यांतून ते इंजिनात जातं, फिरून परत येतं. मागे पंखा, पंख्याला पट्टा. एवढंच. पण यातलं काहीच जन्मभराचं नसतं. आमच्या धुळीच्या, चढउताराच्या रस्त्यावर रबरी नळीनं दोन पावसाळे काढले तर पुष्कळ. पट्टा त्याहून कमी. रेडिएटर मात्र गळेल तिथे कथलाचे डाग देत देत वर्षानुवर्षं चालायचा. ज्याचा त्याचा काळ ठरलेला असतो — तो संपला की बदलायचं. हे मला माहीत नव्हतं का? मीच इतरांना सांगायचो.

पण जर्मनीशी लढाई सुरू झाली. पेट्रोल मिळेना, म्हणून मोटारीच्या मागे कोळशाची भट्टी बसवली आणि तिच्या धुरावर इंजिन चालवू लागलो. मोटर चढाला रडायची, तापायची. रबर तर बाजारातून गेलंच. पूर्वी ज्या पैशात पट्टा आणि नळ्या सगळं यायचं, त्यात आता एकटी नळी येईना. तीही मुंबईला कुणाची तरी मनधरणी करून. तरी भगवानशेठ म्हणाले होते, "नारू, लागेल ते सांग. आणू."

मी म्हणालो, "कशाला? हा उन्हाळा काढतो मी हिच्यावर."

सांगतो ना, कुणी मला अडवलं नव्हतं. शेठ द्यायला तयार होते. मला फक्त ते वाक्य पुन्हा ऐकायचं होतं.

आता चिंधूचं सांगायला हवं. चिंधू माझा क्लीनर — आमच्याकडे किन्नर म्हणत. डोळखांबकडच्या एका पाड्यावरचा ठाकर, माझ्याच वयाचा, दोन पोरींचा बाप. मोटारीचं त्याला काही येत नव्हतं. पण पाणी कुठे आहे ते त्याला कळायचं. चैत्रात ओढे आटले की रस्त्याच्या कुठल्या वळणाला, कुठल्या उंबराखाली झरा अजून जिवंत आहे, हे तो सांगायचा. मोटर थांबली की डबा घेऊन करवंदीच्या जाळीत शिरायचा आणि भरून यायचा. कधी ओंजळभर करवंदंही आणायचा. निम्मी माझ्या मांडीवर टाकायचा.

आम्ही दोस्त होतो का? मी तेव्हा तसं म्हटलं नसतं. ड्रायव्हर आणि किन्नर. पण जेवायला तो माझी वाट बघायचा. मी त्याची बघायचो की नाही — आठवत नाही.

त्या उन्हाळ्यात खालची नळी मी अंगठ्यानं दाबून पाहिली होती. लिबलिबीत झाली होती, वरून भेगा. मी तिच्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली, वर तार आवळली आणि कुणाला बोललो नाही. पट्टाही घसरत होता. पकड यावी म्हणून त्याला राळ लावली. चिंधूनं पाहिलं. म्हणाला, "नारू, ही टिकंल?" मी म्हणालो, "तू पानी बघ. मोटर मी बघतो."

मग ते लग्न.

शहापूरहून मुरबाडकडे वऱ्हाड न्यायचं होतं. दुपारचा मुहूर्त. नवरामुलगा, वऱ्हाडी, सनई-ताशेवाले — मोटर ठासून भरली. निघायलाच उशीर झाला होता. किन्हवली मागे पडली आणि पुढच्या चढाला रेडिएटर फुसफुसायला लागला. खाली पाहिलं तर नळीतून धार. पट्टी सुटली होती. मी मोटर बाजूला घेतली. माणसं उतरली, लांब आंब्याच्या सावलीला जाऊन बसली. नवऱ्याचा मामा मात्र माझ्याभोवती फिरत होता. "काय रे, मोटर सांगितली का रेडा? मुहूर्त चुकला तर तुझ्या मालकाला बघतो." सगळ्यांच्या समोर. काही जण हसले.

मला — मोटारीच्या नारूला — हसले.

मामा तणतणत सावलीकडे गेला. वेळ घालवायला ताशेवाल्यांनी ताशे तडतडवायला सुरुवात केली. मी नळी पुन्हा आवळली. चिंधू पाण्याचा डबा घेऊन आला. आता रेडिएटरचं झाकण उघडून पाणी भरायचं. पण आत पाणी खदखदत होतं. अशा वेळी थांबायचं असतं. इंजिन निवू द्यायचं, बाहेरून पाणी मारायचं, मग गोणपाट घालून झाकण हळूच सैल करायचं. पोरंसोरंसुद्धा जाणतात हे.

मी म्हणालो, "उघड."

चिंधू म्हणाला, "जरा निवू दे नारू. लय तापलंय."

"उघड म्हनतो ना. भितोस काय?"

त्यानं माझ्याकडे पाहिलं. मग गोणपाट झाकणावर टाकलं, वाकला आणि फिरवलं.

पुढचं मी सांगू शकत नाही. वाफ आणि पाणी एकदमच वर आलं. एवढंच सांगतो — तो ओरडला नाही आधी. आधी त्यानं हात पुढे करून माझा सदरा धरला. मग ओरडला.

ताशे थांबले. माणसं धावत आली. कुणीतरी विचारलं, "काय झालं रे?"

आणि माझ्या तोंडून निघालं, "मी नको नको म्हनत होतो. ऐकलं नाय यानं."

विचार करून नाही निघालं. पण म्हणून काय झालं? परत घ्यायला मला कुणी बंदी केली होती? संध्याकाळी शेठ आले तेव्हा विचार करूनच सांगितलं. फौजदारापुढे सांगितलं तेव्हा तर नीट मांडून सांगितलं — मी अमुक ठिकाणी उभा होतो, मी हात केला, मी ओरडलो. नळीबद्दल कुणी विचारलं नाही. मी ती काढून नाल्यात फेकून दिली होती. आठवड्यात नवी नळी, नवा पट्टा आला. शेठनी किमतीला हूं की चूं केलं नाही.

तुम्ही म्हणाल, खोटं बोललास, नोकरी वाचवलीस. लोक करतात असं. थांबा. मी अजून ते सांगितलंच नाही. इतका वेळ त्याच्याभोवतीच फिरतो आहे.

चिंधूला बैलगाडीतून शहापूरला आणि तिथून आगगाडीनं ठाण्याच्या दवाखान्यात नेलं होतं. तापात होता, बडबडत होता. काही दिवसांनी मी मोसंबी घेऊन बघायला गेलो. तोंडाला, डोळ्यांना सगळ्या पट्ट्या. उशाशी त्याची बायको भागी बसलेली. ती पाणी आणायला बाहेर गेली. चिंधूनं माझा आवाज ओळखला होता. हळू आवाजात म्हणाला, "नारू... तू उघड म्हनालास ना?"

तो मला दोष देत नव्हता, हे समजून घ्या. विचारत होता. त्याला खरंच नक्की आठवत नव्हतं. तापानं त्याचं सगळं कालवून गेलं होतं आणि लोक येऊन दुसरंच सांगून जात होते. त्याला एक माणूस हवा होता, तिथे हजर असलेला.

मी त्याचा हात हातात घेतला. म्हणालो, "नाय रे चिंधू. मी नको म्हनत होतो. ताशांत तुला ऐकू आलं नसंल."

त्यानं माझा हात चाचपला. मग म्हणाला, "आसंल. माजंच चुकलं मग."

हे ते.

डोळे त्याचे गेलेच होते. ते माझ्या मूर्खपणानं गेले, गर्वानं गेले, काय म्हणायचं ते म्हणा. पण आत जे एक खरं त्याच्याजवळ उरलं होतं, तेही मी काढून घेतलं. हात हातात घेऊन.

त्यानंतर तो बदलला. पाड्यावर परतला, अंगणात बसून दोर वळू लागला. पाण्याच्या जागा जाणणारा माणूस — पोरीनं तांब्या हातात दिला तर पाणी प्यायचा. भागी भातकापणीला, कोळशाच्या भट्ट्यांवर, मिळेल तिथे कामाला जाऊ लागली. थकून आली की त्याच्यावर ओरडायची, "तो डायवर सांगत व्हता तर ऐकाया काय झालं व्हतं तुला?" तो दोर वळत राहायचा. मी हे कानांनी ऐकलं आहे. मी जायचो ना — सणाला तांदूळ, पोरींना लुगडी घेऊन जायचो. लोक म्हणत, नारूसारखा माणूस नाही. किन्नरानं आपल्या चुकीनं डोळे घालवले, तरी हा विसरला नाही.

मी आलो की चिंधू उठून बसायचा. "नारू, माज्यापायी त्या दिवशी तुजा बोभाटा झाला," म्हणायचा. माझी माफी मागायचा. आणि मी? मी म्हणायचो, "जाऊ दे रे." मोठ्या मनानं.

एकदा त्यानं विचारलं, "तू किती येळा नको म्हनालास?" मी म्हणालो, "दोनदा." म्हणजे बघा — तेव्हाही मी त्याला काहीतरी देऊ शकलो असतो. निदान 'आठवत नाही' म्हणू शकलो असतो.

सांगायच्या वेळा आल्या नाहीत असं नाही. लढाई संपली तेव्हा वाटलं. शेठ वारले, मोटर विकली गेली, मी घरी बसलो, तेव्हाही वाटलं. कशाची भीती होती मला? पोटाची नव्हती. फौजदाराची नव्हती. बहुतेक एवढीच, की मी अंगणात शिरल्यावर चिंधूचं तोंड उजळायचं ते थांबेल.

गेल्या वर्षी चिंधू गेला. हिवतापानं. मला निरोप पोहोचेपर्यंत सगळं आटोपलं होतं. मी बाराव्याला गेलो. अंगणात पाड्यावरची माणसं बसली होती. भागी कोपऱ्यात होती. बोलता बोलता कुणीतरी म्हणालं, चिंधूचं नशीबच खोटं. भागीनं वर पाहिलं. आता ओरडण्याइतका जोर तिच्यात नव्हता.

"नशीब कशाला," ती म्हणाली. "त्यानं ऐकलं नाय. तुमी तर नको म्हनत व्हतात ना, भाऊ?"

सगळे माझ्याकडे बघत होते. माझ्यावर मालक नव्हता. मला नोकरी नव्हती. चिंधू नव्हता.

मी म्हणालो, "हो. म्हनत होतो."