हिरवळीवरचा कच्चा गाळ

हे मी आपल्या माणसांत कोणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, आईला नाही. त्यात सांगण्यासारखं काय आहे, असं स्वतःला विचारत राहिले. खरं उत्तर ठाऊक होतं, म्हणूनच गप्प बसले. आज तुम्हाला सांगते. मध्येच अडखळले तर जरा थांबा.

लग्नानंतर मी सांगलीहून चेन्नईला आले. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. नवरा इरुंगाट्टुकोट्टैला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात होता. मी रसायनशास्त्राची एम.एस्सी. मला नोकरी मिळाली सिरुसेरीला, एका सॉफ्टवेअर कंपनीच्या आवारात. आईला वाटायचं, लेक कॉम्प्युटरवर बसते. लेक बसायची सांडपाण्याच्या प्लांटवर. हजारो माणसांचे संडास, कॅन्टीनची मोरी, सगळं तिथे यायचं. शुद्ध झालेलं पाणी बागेला जायचं. खाली उरलेला काळा गाळ वाफ्यांत पसरून उन्हात वाळवायचा, मग ढीग लावून काही आठवडे मुरवायचा, आणि पुरता मुरला की हिरवळीला खत म्हणून घालायचा. कधी घालायचा ते ठरवणं माझं काम.

म्हणजे कागदावर माझं. खरं ठरवायच्या त्या अक्का.

मुनियम्मा अक्का बागेतल्या बायकांच्या मुकादम होत्या. पन्नाशीच्या, कपाळाला विभूती, साडीवर पुरुषी शर्ट चढवलेला. कंत्राटदाराकडच्या रोजंदारीवर. मला प्रयोगशाळेचे आकडे कळायचे, त्यांना गाळ कळायचा. ढिगात लोखंडी सळई खुपसून ठेवायच्या, थोड्या वेळाने उपसून तळव्याला लावायच्या. सळई गरम लागली की म्हणायच्या, "अजून शिजतंय." मग मी तपासणी करायचे — आणि दर वेळी त्यांचंच खरं निघायचं. तमिळ मला त्यांनीच शिकवलं. म्हणजे जेवढं आलं तेवढं.

तर, परदेशातून पाहुणे यायचे होते. मुख्य इमारतीसमोरची हिरवळ उन्हाने पिवळी पडलेली. आमचे मॅनेजर मेहरा सर दिल्लीचे. त्यांनी मला विचारलं, आठवड्यात हिरवी होईल का? मी हो म्हटलं. का म्हटलं? नवी होते, नाही म्हणायचं धाडस नव्हतं. मुरलेला ढीग संपला होता. वाफ्यात होता तो चार-पाच दिवसांचा गाळ, वरून सुकलेला आणि आत ओला. अक्कांनी चक्क नकार दिला. "हे कच्चं आहे, मॅडम. वास सुटेल. रोगराई होईल." मी म्हटलं, मी सांगते ना, टाका. त्यांनी एकदा माझ्याकडे पाहिलं आणि बायकांना हाक मारली.

पाहुणे आले त्या दिवशी समुद्राकडून दमट वारा होता. दुपारपर्यंत हिरवळीवर माश्या घोंघावू लागल्या. वास कॅन्टीनमध्ये शिरला, माणसं ताटं टाकून उठली. पाहुण्यांना मागच्या दाराने आत न्यावं लागलं.

संध्याकाळी मेहरा सरांनी बोलावलं. मला आणि अक्कांनाही. आता ऐका — मी इथवर येऊन आजवर कितीदा तरी मागे फिरले आहे. सरांना तमिळ येत नव्हतं, अक्कांना इंग्रजी येत नव्हतं. सरांनी विचारलं, कोणी घालायला सांगितलं? अक्का दाराशी उभ्या होत्या, माझ्या तोंडाकडे बघत. आणि मी त्यांच्या देखत, स्वच्छ इंग्रजीत सांगितलं, की मी थांबायला सांगितलं होतं, या बाईंनी परस्पर घातलं. बरंच बोलले. अडाणीपणा, शिस्त, असलेही शब्द वापरले. अक्का मध्ये मध्ये मान हलवत होत्या. त्यांना वाटत होतं, मी त्यांची बाजू घेते आहे.

बाहेर आल्यावर त्यांनी माझे दोन्ही हात धरले. "माझ्यासाठी किती बोललात, मॅडम."

मी काय म्हटलं असेल? "परवायिल्लै, अक्का." काही हरकत नाही.

दुसऱ्या दिवसापासून कंत्राटदाराने त्यांना कामावरून काढलं. गाळाचं खतही बंद झालं. चांगला मुरवता आला असता तो गाळ लॉरी भरभरून कचरा डेपोवर जाऊ लागला. प्रत्येक लॉरीच्या पावतीवर माझी सही.

सव्वा वर्ष गेलं. मी मागच्या कोपऱ्यात, कोणाला फारसं न सांगता, एक ढीग लावला. सळई खुपसायची, हाताला लावायची, तपासण्या करायच्या. रोगजंतू उरले नाहीत याची खात्री झाली तेव्हा अहवाल सरांपुढे ठेवला. त्यांनी नीट वाचला आणि म्हणाले, करू या पुन्हा. पण सांभाळणार कोण? माझ्या मनात एकच नाव होतं. आणि ते घ्यायचं तर आधी कुठे जायला हवं, तेही कळत होतं.

शनिवारी बस धरून केळंबाक्कमच्या पुढे त्यांच्या गावी गेले. अक्का दुसऱ्याच्या शेतात वाट्याने अबोली लावत होत्या. मला बघून खरंच आनंदल्या, ताक दिलं. मी तमिळ वाक्यं देवनागरीत कागदावर लिहून नेली होती. ती वाचली. पोय् सोन्नेन — मी खोटं बोलले. त्या दिवशी तुमचं नाव मीच घेतलं.

त्यांनी ताकाचं रिकामं भांडं माझ्या हातातून घेतलं. मग म्हणाल्या, "मी घरी सांगितलं होतं, मॅडम माझ्यासाठी भांडली." एवढंच. पुन्हा रोपांवर वाकल्या. मी उठले तेव्हा, वर न बघता म्हणाल्या, "जिथे खोटं बोललात तिथे जाऊन खरं बोला. मी समोर असताना."

सोमवारी त्या आल्या. त्याच खोलीत मेहरा सरांना मी सगळं सांगितलं, इंग्रजीत. माझ्या फाईलला ताकीद लागली — लागायलाच हवी होती. आणि अक्कांना कंत्राटदाराकडे नाही, थेट आमच्या खात्यात घ्यायचं ठरलं, आठवड्यातून तीन दिवस; बाकीचे दिवस त्यांच्या अबोलीचे. ही अट त्यांनीच घातली.

दाराबाहेर बागेतल्या बायका उभ्या होत्या. अक्का म्हणाल्या, "आत काय बोललात ते आता यांना तमिळमध्ये सांगा." मी सुरुवात केली, "माझ्याकडून चूक झाली..."

"झाली नाही," अक्का म्हणाल्या. "केली."

"मी चूक केली," मी म्हटलं. पुढचं सगळं तसंच सांगितलं. त्यांनी मान हलवली आणि बायकांना घेऊन वाफ्यांकडे गेल्या.

त्यानंतर गाळाची एकही लॉरी डेपोकडे गेली नाही. पावसाळ्यानंतर शेजारच्या कंपन्यांतली माणसं आमचे ढीग बघायला यायला लागली. त्यांना समजावून सांगायच्या अक्का; मी शेजारी उभी राहून तमिळचं इंग्रजी करायचे. शब्द न् शब्द, जसाच्या तसा.

आम्ही सहा वर्षं एकत्र काम केलं. माफ केलं, असं अक्का कधी म्हणाल्या नाहीत. मीही कधी विचारलं नाही.