अकरा वाढपी

दत्ताराम परबांसमोर कोणी 'बुफे' म्हटलं की त्यांच्या तळपायाची आग मस्तकात जायची. "ताट हातात धरून उभ्याउभ्या चरायला आपण काय गुरं आहोत?" हा त्यांचा ठरलेला सवाल. आणि का नसावा? माणसाने एकतीस वर्षं पार्ल्यातल्या एका मंगल कार्यालयात पंगती वाढल्या, त्यातली अठरा वर्षं वाढप्यांचा मुकादम म्हणून. दीडशे पानं, बारा वाढपी, आणि मीठ पडल्यापासून भातावर तूप पडेपर्यंत सहा मिनिटं. सातवं लागलं तर परबांचा चेहरा बघवत नसे. पुढे त्या कार्यालयातही बुफे आला, आणि परब जोगेश्वरीच्या घरी खिडकीत बसून येणाऱ्याजाणाऱ्यांना नावं ठेवू लागले.

त्यात एकुलत्या एक लेकीचं, जान्हवीचं लग्न ठरलं. नवरामुलगा निहार, पार्ल्याचाच. पोरगा अगदी गुणी, पण तोही म्हणाला, "काका, बुफेच सोपा पडेल ना." जान्हवीनेही मान डोलावली. झालं! परब दोन दिवस खिडकीतून हलले नाहीत. "खिडकीत बसून पंगत पडणार आहे का?" असं बायकोने, रुक्मिणीने विचारलं, तरी नाही.

जान्हवी, निहार आणि त्यांचे सहा मित्र कम्प्युटरवर फुटबॉलच्या मॅनेजरगिरीचा खेळ खेळायचे. यात आपण बॉलला लाथ मारायची नाही. कोणी कुठे उभं राहायचं, कोणी धावायचं, कोणी कोणाला पास द्यायचा, एवढं नेमून द्यायचं. मग ते अकरा जण पडद्यावर खेळतात आणि आपण नखं खात बघत बसायचं. आठ जणांचे आठ संघ, त्यांच्या आपसात मॅच, आणि जान्हवीचा संघ तळाला होता. एका रविवारी परब तिच्या पाठीमागे येऊन उभे राहिले.

"तो डावीकडचा काय बारशाला आलाय? नुसता उभा!"

"मग तूच चालव ना संघ, बाबा!" जान्हवी वैतागली.

"चालवतो. पण निहाररावांच्या संघाला हरवलं तर लग्नात पंगत. बोल!"

जान्हवीने निहारला फोन लावला. तो पोट धरून हसला. "काकांना म्हणावं, डन! आपली मॅच महिन्याने आहे."

आता परबांनी आयुष्यभर एक धर्म पाळला होता : पंक्तिप्रपंच करायचा नाही. मंत्री असो की मांडववाला, एका पंगतीला बसले की जिलबी सगळ्यांना सारखी. तोच न्याय त्यांनी फुटबॉलला लावला. अकराही जणांना सारखे पास, गोलकीपरसुद्धा सुटला नाही. बॉल हळदीकुंकवाला निघालेल्या बाईसारखा घरोघरी फिरायचा आणि गोल काही व्हायचा नाही. तीन मॅचमध्ये शून्य गोल, चौथ्यात उलट पाच खाल्ले.

"बाबा, पुढचा नऊ नंबर उपाशी मरतोय रे!"

"त्याला जास्त दिलं तर बाकीच्यांनी काय पाप केलं?"

निहारचा मेसेज आला : 'काका, बुफेचा मेनू पाठवू का?' जान्हवी हसली, पण परबांना काही हसू येईना. आपल्याला जन्मात एकच काम धड येतं, आणि तेच पोरीच्या लग्नात करता येणार नाही, याचं त्यांना खरंच रडू येत होतं.

दुसऱ्या दिवशी दुपारी रुक्मिणीने पानात भात वाढला आणि वरण आणायला आत गेली, ती शेजारणीशी बोलतच राहिली. "अगो, भातामागून लगेच वरण! गार झाला ना भात!" परब ओरडले, आणि घास तसाच हातात धरून थांबले.

"जानू! गाढव आहे मी, शुद्ध गाढव! हे अकरा जण जेवणारे नव्हेतच. हे वाढपी! जेवायला बसलाय तो समोरचा गोल. पान एकच आहे गं!"

मग काय, उष्ट्या हाताने कामं नेमली गेली. मीठवाला हलका आणि चपळ, त्याने कडेकडेने सगळ्यांच्या आधी धावायचं. भातवाला म्हणजे तो धिप्पाड नऊ नंबर, त्याने मधोमध पाय रोवून दोघांना अंगावर घ्यायचं. वरणवाल्याने त्याची पाठ सोडायची नाही. आणि तूपवाला? तो मागून यायचा, सगळ्यात शेवटी, कोणाचं लक्ष नसताना. "तूप घाईत निघालं तर कोरड्या पानावर पडतं," परब म्हणाले. दोघे मात्र कायम मुदपाकखान्याच्या दारात, म्हणजे आपल्या गोलपाशी. जान्हवीने सगळं खेळात नीट बसवलं. पुढच्या दोन मॅच जिंकल्या, आणि परबांची छाती दोन इंच फुगली.

निहारशी मॅच होती त्या रविवारी तो लॅपटॉप घेऊन घरीच आला. ऐंशी मिनिटं झाली तरी एक-एक. परब खुर्चीत बसेनात. "मीठ गेलं... भात पडला... वरण... तूप, थांब रे, थांब मेल्या... आता!" बॉल जाळ्यात! रुक्मिणी हातात झारा घेऊन बाहेर धावली.

निहार पडद्याकडे बघतच राहिला. "हा कुठून आला?"

"मुदपाकखान्यातून," परब म्हणाले.

लग्नाच्या दिवशी परब खांद्यावर कोरा पंचा टाकून तयार. पहिली पानं मांडली तसे ते भाताच्या परातीकडे निघाले. शालू सावरत जान्हवी आडवी आली आणि तिने पंचाच काढून घेतला.

"मॅनेजर कधी मैदानात उतरतो का? बस."

"अगं, मला बसायला नाही येत!"

"म्हणूनच बुफे हवा होता मला. एक दिवस तरी बसशील म्हणून."

परब पहिल्या पंगतीला बसले. एकतीस वर्षांत पहिल्यांदा. वाढपी सगळ्यांच्या मागून जेवतो, ही रीतच आहे. मीठ आलं, लिंबू आलं, भात पडला, त्यावर वरण पडलं. त्यांनी घड्याळ पाहिलं : साडेपाच मिनिटं. झकास! तेवढ्यात पाठीमागून, त्यांचं लक्ष नसताना, नवरी तुपाचं भांडं घेऊन आली.

ती वाढत राहिली. जन्मभर दुसऱ्यांना "पुरे का?" विचारणाऱ्या माणसाच्या तोंडून 'पुरे' काही फुटेना. डोळे मात्र वाहू लागले. तूप भातावरून ओघळलं, पानभर झालं, पानाबाहेर निघालं, आणि निहार मांडवभर ऐकू जाईल असा ओरडला, "काका, हा पंक्तिप्रपंच आहे!"