पैसे आले, असं डबा म्हणाला

श्रीवर्धनच्या मासळी बाजारात किस्से गोळा करावे लागत नाहीत. माश्यांसारखे आपोआप येऊन बसतात, हाकलले तरी परत! मी बाजाराच्या तोंडाशी आईच्या कोकम सरबताच्या टपरीवर बसते. म्हणजे नोकरी लागेपर्यंत. बी.कॉम. झालेय म्हणून बाजारातल्या प्रत्येकाच्या मोबाइलची जबाबदारी माझ्यावर. स्वतःचा फोन वाजला तरी मला धडकी भरते, हे कुणी विचारात घेत नाही.

गेल्या वर्षी बाजारात ऑनलाइन पेमेंट आलं, आणि किस्स्यांना नेटवर्क मिळालं. माणसांना अजून मिळायचंय.

* * *

सुरुवात टाय लावलेल्या एका मुलाने केली. भर उन्हात, मासळी बाजारात, टाय! तो थेट हिरामावशीच्या ओट्यापाशी आला. हिरामावशी म्हणजे आमची शेजारीण. आमच्या सरबताला जो बांगड्याचा वास येतो, तो तिच्याकडून.

"मावशी, डिजिटल व्हा! सुट्ट्या पैशांची कटकट कायमची संपली!"

मावशीकडे ना स्वतःचं खातं, ना स्मार्टफोन. मग नंबर आणि खातं नवऱ्याचं, दत्तारामकाकांचं, घातलं. "घर एकच ना, मावशी!" असं म्हणून मुलाने क्यूआरचं कार्ड आणि बोलणारा डबा ओट्यावर ठेवला.

जाताना त्याने बांगडे घेतले. त्याचंच ॲप चालेना. गोल गोल फिरत राहिलं. शेवटी त्याने पाचशेची नोट काढली.

"सुट्टे न्हाय," मावशी म्हणाली.

* * *

त्या डब्याचा आवाज एसटी स्टँडवरच्या भोंग्यासारखा. पहिल्यांदा तो "दोनशे रुपये प्राप्त झाले" असं ओरडला, तेव्हा मी इतकी दचकले की हातातलं सरबत पुण्याच्या एका काकांच्या पांढऱ्या शर्टावर गेलं. शर्ट कायमचा कोकणी झाला.

हिशेब पारदर्शक होतो हा ऑनलाइनचा मोठा फायदा म्हणे. झालाच! ते दोनशे दिले होते आमच्या शाळेतल्या रिटायर्ड मास्तरांनी, बांगड्यांच्या एका वाट्याचे. पाठोपाठ त्याच पुण्याच्या काकांच्या बायकोने तेवढाच वाटा घेतला. डबा ओरडला, "तीनशे रुपये प्राप्त झाले!"

"अहो, त्यांना दोनशे आणि मला तीनशे?"

मावशीने मान वर केली नाही. "मास्तर चाळीस वर्षं येतात. तुम्ही पन चाळीस वर्षं या, दोनशेला देते."

* * *

आमच्या टपरीसमोरच्या बेकरीवाल्या नजीरचाचांची नानखटाई गिऱ्हाईक गाडी थांबवून घेतं. एकदा मुंबईच्या एका कुटुंबाने शंभराऐवजी हजार पाठवले. एक शून्य जास्त. चाचांच्या लक्षात आलं तोवर गाडी दिघीच्या रस्त्याला लागली होती.

"या अल्लाह, हराम का पैसा!" म्हणत चाचांनी स्कूटर काढली. मागून हॉर्न वाजवत, हात हलवत म्हातारा येतोय हे पाहून गाडीवाल्याने वेग वाढवला. चाचांनीही वाढवला. दिघीच्या जेटीवर फेरीबोटीच्या रांगेत गाडी एकदाची सापडली.

चाचा तोंड उघडणार, एवढ्यात गाडीवाला हात जोडून खाली उतरला. "चाचा, माफ करा! बायकोने चवीला म्हणून दोन जास्तीच्या उचलल्या. किती द्यायचे?"

* * *

हिरामावशीचे पैसे जायचे काकांच्या खात्यात. होडी विकल्यापासून दत्तारामकाका घरी पंख्याखाली असतात. पूर्वी मावशी संध्याकाळी सांगेल तेवढा धंदा. आता इकडे डबा बोलला की तिकडे काकांना मेसेज! नवऱ्याला घरबसल्या धंद्यावर लक्ष ठेवता यावं, एवढी सोय कुठल्या सरकारने आजवर केली नव्हती.

दुपारी फोन यायचा. "पाचशेचं पापलेट चारशेला का दिलंस? एवढी दया कुनाची आली?"

यात न हसण्यासारखी गोष्ट एकच होती. त्यांच्या सायलीला माणगावला नर्सिंग करायचं होतं. काकांचं म्हणणं, "पोरीला हॉस्टेलला ठेवायची काय गरज? हितं काय कमी हाय?" मावशी त्यांच्याशी वाद घालत नव्हती. ती रोज थोडे पैसे गुपचूप तांदळाच्या पिंपात टाकत होती. फी भरायची होती गणपतीनंतर.

क्यूआर आल्यापासून तांदळाच्या पिंपात फक्त तांदूळ.

* * *

मे महिन्यात मावशी मला म्हणाली, "बाय, माझं येगळं खातं काढून दे. ह्यांना नको सांगू." मी धुतलेलाच ग्लास पुन्हा धुतला. मग गेले.

बँकेत अंगठ्याच्या मशीनवर मावशीचा अंगठाच उमटेना. जन्मभर बर्फ, मीठ आणि खवले. रेषा होत्या कुठे? दहाही बोटं झाली. मशीन लाल ते लालच.

साहेब वैतागले. "बोटं नीट ठेवा हो!"

"हायेत ती ठेवली. दुसरी आनू कुठनं?"

"मग असं करा, महिनाभर मासळीला हात लावू नका. रेषा येतील. मग खातं उघडू."

"व्हय," मावशी म्हणाली, "आनि मंग खात्यात भरू काय? पुळणीवरची रेती?"

* * *

पण साहेबांचं दर्यानेच ऐकलं. जूनमध्ये मासेमारी बंद झाली. दोन महिने होड्या वर ओढलेल्या, ओटे रिकामे. मासळी बंद, धंदा बंद. डब्याचं भाडं मात्र चालू.

मी मावशीच्या घरी गेले होते, तेव्हा काकांच्या मोबाइलवर डब्याच्या कंपनीतून एका मुलीचा फोन आला. काकांनी "धंद्याचं हिला विचारा" म्हणून मावशीकडे दिला. मावशीने तो माझ्यासमोर स्पीकरवर टाकला.

"मॅडम, बरेच दिवस आपल्याकडे व्यवहार नाहीत. काही अडचण आहे का?"

"अडचन कसली? मासे बाळंतपनाला गेलेत."

पलीकडे कीबोर्डची टकटक झाली. मग ती मुलगी अतिशय नम्रपणे म्हणाली, "अभिनंदन, मॅडम!"

जुलैच्या शेवटी मावशीचा डावा अंगठा उमटला. मशीन हिरवं झालं आणि मी बँकेत टाळ्या वाजवल्या. सगळे बघायला लागल्यावर खुर्चीमागे लपले.

* * *

नारळी पौर्णिमा झाली, बाजार भरला. मावशीने एक जुना मोबाइल घेतला आणि स्वतःचं नवं कार्ड काकांच्या कार्डाच्या पाठीला चिकटवलं. एक गिऱ्हाईक काकांच्या बाजूला, दोन गिऱ्हाइकं सायलीच्या बाजूला. काकांचे पैसे आले की डबा ओरडायचा. सायलीचे गुपचूप यायचे. मावशी बोंबील कापता कापता कार्ड उलटायची आणि प्रत्येक वेळी इकडे मी रस्त्यावर काका दिसतात का ते बघायचे.

एका रविवारी, भर गर्दीत, दत्तारामकाका स्वतः बाजारात हजर!

"मेसेज कमी येतात. मशीन बिघडलंय काय बघतो." त्यांनी मोबाइल काढला. "एक रुपया टाकून बघतो."

ओट्यावर त्या वेळी सायलीची बाजू वर होती. मला ओरडायचं होतं. तोंडातून उचकी आली.

काकांनी स्कॅन केलं. स्क्रीनवर पैसे घेणाऱ्याचं नाव आलं. काकांनी ते मोठ्याने वाचलं, एकेक अक्षर लावत. "हिराबाई... दत्ताराम..." आणि थांबले.

आजूबाजूचे कोयते थांबले. नजीरचाचा नानखटाई हातात धरून उभे.

"ह्ये खातं कुनाचं?"

"नाव वाचलंत ना? माझं."

"तुला खातं कशाला?"

"सायलीच्या फीला." मावशीने बोंबलाचं डोकं उडवलं. "आन् एक रुपया काय टाकताय? टाकायचे तर नीट टाका. मागं गिऱ्हाईक उभं हाय."

काकांनी मागे पाहिलं. खरंच रांग होती. रांगेत मास्तर होते. सगळा बाजार काकांच्या अंगठ्याकडे बघत होता. काकांनी स्क्रीनवरचं ते नाव पुन्हा एकदा, या वेळी मनातल्या मनात वाचलं. मग माझ्याकडे वळले. मी दचकून दोन पावलं मागे सरकले.

"बाय," ते हळूच म्हणाले, "ह्याच्यातनं हिच्या खात्यात एका दिवसात जास्तीत जास्त किती जातात गो?"