चावीकाकांच्या लेकीचं दार

चावीकाकांना पोलिसांचं बोलावणं नवं नव्हतं. तीस वर्षांत चौकीच्या सांगण्यावरून किती दारं उघडली, हे त्यांनाही आठवत नसेल. साहेबांनी बोट दाखवायचं, काकांनी गुडघे टेकून कुलपात तार घालायची, दार उघडलं की पेटी उचलून चालू पडायचं. आतल्या भानगडीशी आपल्याला काय देणंघेणं, असं ते म्हणत. म्हणायला काय जातंय!

त्या दिवशी सकाळी अकराला मात्र जीप थांबली ती त्यांच्या लेकीच्या इमारतीखाली. जिन्याच्या वळणावरून काकांना तिच्याच दारासमोर उभे शिपाई दिसले.

जावई गोदामात कारकून. तिथला माल चोरीला गेला म्हणून त्याला कालच चौकीवर नेलं होतं. आता घराची झडती हवी होती. त्याच गोदामातल्या हमालाकडे परवा झडती झाली, तेव्हा घरात कुणी कधी न पाहिलेलं खोकं पलंगाखाली सापडलं. लेकीने त्याचाच धसका घेतला होता. वकीलबाईंनी फोनवर पढवलेलं ती दाराआडून रडत रडत सांगत होती, की कोर्टाचा कागद दाराखालून सरकवा, वाचते आणि उघडते. नसेल तर उघडणार नाही. बाई तासाभरात पोचणार होत्या. कागद नव्हताच. असता तर सरकवायला कितीसा वेळ लागतो?

आतली कडी महिन्यापूर्वी निखळली होती. आज येतो, उद्या येतो करत काकांनी ती बसवलीच नव्हती. आता मध्ये होतं ते फक्त त्यांच्याच हातचं कुलूप.

काकांनी जन्मात पहिल्यांदा विचारलं, तेही दबक्या आवाजात, “साहेब, कागद आहे का?”

साहेब चिडलेसुद्धा नाहीत. “आजवर कुठल्या दारात विचारलंत?”

काकांनी पेटी उघडलीच नाही. गेल्या साली एक म्हातारी अशीच आतून ‘कागद दाखवा’ म्हणून घसा फोडत होती. मावशी, दाराला ओरखडाही येणार नाही, अशी काकांनी तिची समजूत घातली होती. मेलं ते शहाणपण!

उघडत नाही तर निदान हाक मारा, बापाला उघडेल ती, असं साहेबांनी सुचवलं. काकांनी ओठ घट्ट मिटले. साहेबांच्या पायावर डोकं ठेवलं, तासभर थांबा म्हणून हळू आवाजात विनवलं. साहेबांनी दुसऱ्या चावीवाल्याला फोन लावला.

दहा मिनिटांत तो जिना चढून आला. काकांच्याच दुकानात सहा वर्षं शिकलेला. काकांनी त्याचा दंड धरला. माझ्या लेकीचं घर आहे रे, कागद विचार, असं त्याच्या कानात कळवळून सांगितलं. त्याने साहेबांकडे पाहिलं, मान खाली घातली आणि दारापाशी जाऊन गुडघे टेकले. दार कुणाचं ते बघायचं नाही, हे त्याला पहिल्याच दिवशी काकांनी शिकवलं होतं.

तार आत गेली. डावीकडे अर्धा वळसा, मग हलकेच वर. ही पद्धत काकांची, लेक लहानपणापासून तो आवाज ऐकत आलेली. काका धावले, पण दार उघडलं होतं आणि चावीवाला जिना उतरू लागला होता.

शिपाई लेकीला बाजूला सारून आत शिरले. एकाच्या खांद्याला भरलेली पिशवी होती. लेकीचं तिकडे लक्षच नव्हतं. ती बापाच्या हातातल्या पेटीकडे बघत होती.

“बाबा,” ती म्हणाली, “तुम्ही उघडलंत?”