सतरा नंबरची नळी

आमची ताई एकोणचाळीस वर्षांची आहे आणि तिची नोकरी कायम दोन वर्षांची असते. ती पोस्टडॉक आहे. म्हणजे डॉक्टरेट झाली, पण स्वतःची प्रयोगशाळा काही मिळाली नाही. तोवर दुसऱ्याच्या प्रयोगशाळेत राबायचं. दोन वर्षं भरली की नवी जागा, नवं टेबल, नवे साहेब. "लोकांच्या मुलींची एकदा पाठवणी होते, आमचीची दर दोन वर्षांनी," असं आई म्हणते.

नातेवाइकांना त्यातलं फक्त 'डॉक्टर' एवढंच ऐकू येतं. काका गुडघा पुढे करतात, आत्या खोकून दाखवते. ताई दोघांनाही गरम पाण्याने शेकायला सांगते. आत्याचा खोकला खरंच थांबला, त्यामुळे आता तिच्या मैत्रिणीही येतात.

तिचं काम रक्ताच्या कॅन्सरवर. मी विजेची उपकरणं दुरुस्त करणारा माणूस, तेव्हा मला तिने माझ्या वकुबाप्रमाणे सांगितलं होतं. "प्रत्येक पेशीत तेच जाडजूड पुस्तक असतं. नको असतील ती पानं पेशी चिकटपट्टी लावून बंद ठेवते. या आजारात चिकटपट्ट्या भलत्याच पानांवर बसतात. मी त्या शोधते."

"मग सोलून काढ की."

"औषध तेच करतं, शहाण्या. पण काहींना लागू पडतं, काहींना नाही. कुणाला पडेल हे आधीच कळेल का, एवढाच प्रश्न आहे."

या 'एवढ्याच' प्रश्नात तिची आठ वर्षं गेली. यंदा मात्र हाताला काहीतरी लागलं. चाळीस रोग्यांचं उपचाराआधी घेतलेलं रक्त तिने तपासलं. औषध लागू पडलेले वीस आणि न पडलेले वीस यांच्या चिकटपट्ट्यांत फरक होता. त्या जोरावर स्वतःच्या प्रयोगशाळेसाठी मुलाखतीचं बोलावणं आलं. गुरुवारी. करार महिन्याभरात संपत होता आणि चाळिशीनंतर कुणी बोलावत नाही, हे ती इतक्या शांतपणे म्हणाली की आईने भाजीत मीठ दोनदा घातलं.

सोमवारी ताई चपला न काढताच स्वयंपाकघरात आली.

"सतरा नंबर बाई आहे."

"असू दे की," मी म्हणालो.

"कागदावर पुरुष आहे!"

घराबाहेर पडताना कुलूप ओढून बघावं, तशी तिने रक्ताच्या नळ्यांची एक शेवटची तपासणी केली होती. बायकांच्या पेशींत एक्स गुणसूत्रं दोन, आणि त्यातल्या एकाची बहुतेक पानं बंद. पुरुषात एकच, ते उघडं. सतरा नंबरच्या पुरुषात चक्क बंद पानं निघाली होती.

तिने प्रयोगशाळेतल्या सोबत्याला फोन लावला. याला सगळे चष्मिष म्हणतात. फोन ओट्यावर ठेवलेला, त्यामुळे आम्हालाही ऐकू येत होतं.

"सतरा काढून टाक," चष्मिष म्हणाला. "एकोणचाळीस काय थोड्या झाल्या?"

"अरे, सतराच्या जागी कुणीतरी बाई येऊन बसलीय. मग सतरा कुणाच्या जागेवर बसलाय? एकदा अदलाबदल झाली असेल, तर बाकीच्या नळ्यांचा काय भरवसा?"

"गुरुवारी हे विचारणार कोण आहे तुला?"

"मीच."

चष्मिष म्हणाला, "तुझ्यापुढे डोकं फोडण्यात अर्थ नाही. जा, मावशींना गाठ."

या मावशी रुग्णालयाच्या तळघरात रक्ताच्या नळ्यांचे फ्रीज सांभाळतात. उणे ऐंशी अंशांचे फ्रीज, आणि मावशींचा स्वभाव त्याला साजेसा. दुसऱ्या दिवशी मी ताईला स्कूटरवरून घेऊन गेलो. मावशी स्वेटर घालून बसल्या होत्या.

"सतरा?" त्यांनी वही उघडलीसुद्धा नाही. "तो बस चालवणारा. चांगला आहे आता. परवाच बिस्किटांचा पुडा देऊन गेला."

"मावशी, ते रक्त बाईचं आहे."

"असणारच. त्याच्या धाकट्या बहिणीने बोनमॅरो दिला ना! आता त्याच्यात रक्त तयार होतं ते तिचंच. आयुष्यभर भांडली त्याच्याशी, आणि आता आतून सांभाळतेय."

ताई खुर्ची न बघताच खाली बसली. सुदैवाने खाली खोकं होतं.

"पण मला उपचाराआधीची नळी हवी होती, मावशी."

मावशींनी स्वेटरची बाही ओढली. "ती तडकली. खोकं भरताना माझ्याच हातून. म्हटलं, माणूस तोच आहे, नंतरची नळी ठेवू. नाव तेच, नंबर तोच. सांगितलं असतं तर तुमचे साहेब अंगावर आले असते."

"बाकी कुठली बदललीत?"

"एकही नाही. हवं तर वही बघ."

ताईने वही पाहिली. त्या रात्री ती घोरत झोपली. बुधवारी सकाळी तिने उरलेल्या सगळ्या नळ्या उपचाराच्या तारखांशी ताडून पाहिल्या. सतरा वगळल्यावर फरक थोडा फिका पडला, पण टिकला.

गुरुवारी तिने एकोणचाळीसच नळ्यांचा निकाल मांडला आणि सतरा नंबरचं काय झालं तेही सांगितलं. समोरच्या पाच जणांनी निम्मा वेळ त्या एका नळीवरच घालवला. बाहेर आल्यावर ती मला म्हणाली, "जागा गेली बहुतेक. फरक फिका कसा पडला, यावरच अडले होते."

तीन आठवड्यांनी पत्र आलं. प्रयोगशाळा मिळाली. आईने ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "किती वर्षांची?"

"पाच."

"बरीच की!" आई म्हणाली.

नव्या जागेत ताईचा फ्रीज मी जोडून दिला. त्याच्या दारावर तिने पहिल्याच दिवशी कागद चिकटवला: 'नळी फुटली किंवा बदलली तर सांगा. ओरडणार नाही.' मावशी नळ्यांचं पहिलं खोकं घेऊन आल्या, चष्मा वर करून त्यांनी तो कागद नीट वाचला.

"सही कुठाय?" त्या म्हणाल्या.

ताईने सही केली. मग मावशींनी खोकं खाली ठेवलं आणि सांगितलं, "नऊ नंबरचं झाकण सैल आहे."